गाडीत जागा नाही

मे महिन्यात आमच्या चिखल्याच्या घरी पाहुणे यायचे नाहीत, शरदकाका यायचा. पाहुणा म्हटला की तो कधीतरी जातो, आणि जाताना खोटं का होईना, 'तुम्हाला फार त्रास दिला' असं म्हणतो. शरदकाका हा बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. तो ठाण्याहून यायचा तो राहायला स्वतःच्या घरी आल्यासारखा आणि कामाला दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. फाटकाशी हॉर्न वाजला की सुरूच्या बनातले कावळे उडायचे आणि बाबा अनवाणी धावायचे. बाबा म्हणजे दहाणू रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसणारा माणूस. गाडी सुटायला आली आणि खिडकीबाहेर लोक काचेवर बोटं आपटू लागले तरी त्यांनी कधी घाई केली नाही. पण भावाची पांढरी मोठी गाडी दिसली की सायकल बाजूला कर, चिकूची खाली आलेली फांदी हाताने वर धर, 'येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे' असं ओरड, हे सगळं ते एका दमात करायचे. मला ते फार आवडायचं. आमच्या घरात नट मी एकटाच आहे असा माझा समज होता, तो दरवर्षी त्या फाटकाशी खोटा ठरायचा.

मी तेव्हा तिशीला टेकलो होतो. मुंबईला नाटकात नाव काढायला गेलो होतो, आणि नाव तिथेच ठेवून कपडे तेवढे घेऊन परत आलो होतो. तेव्हा 'माझ्या लहानपणी' असं म्हणून हे सांगायची सोय नाही. आता चाळिशी दारात चपला काढते आहे, पोट माझ्या आधी खोलीत शिरतं, आणि मागे बघताना वाटतं की माणूस वयात येतो एकदा आणि मोठा होतो भलत्याच वेळी. मी मोठा झालो तो नोटा बदलल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एका फाट्यावर, भर दुपारी.

शरदकाकाबरोबर काकू यायची आणि त्यांची केतकी, जी तेव्हा कॉलेजात होती. तिघांना 'निसर्ग' बघायचा असायचा. हा शब्द काकू अशा काही आदराने उच्चारायची की मला तो कुणीतरी मोठा अधिकारी वाटायचा, ज्याची वेळ घेऊन भेटायला जावं लागतं. मग पहाटेपासून त्या भेटीची तयारी. पहिली जाग यायची ती पोळपाटाच्या आवाजाने. समुद्र जवळ असूनही मे महिन्यातल्या पहाटे त्याचा आवाज मागे पडायचा आणि पुढे असायचं आईचं लाटणं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीचा तक्कू, दशम्या, बरणीत ताक, आणि काकूला उन्हाचा त्रास होतो म्हणून वेगळ्या बाटलीत कोकम. बोंबील नाहीत, कारण गाडीला वास लागतो. सगळं डब्यात भरून, डबे पिशवीत, पिशव्या डिकीत. मग गाडी निघायची आणि आई फाटक लावून घ्यायची.

मराठीत 'जागा' हा शब्द ज्याने केला तो खट्याळ माणूस असला पाहिजे. बघायची तीही जागा आणि बसायची तीही जागा. आमच्या ओटीवर रात्री दोन्ही जागांची चर्चा एकदमच चालायची. काका म्हणायचा, "दादा, यंदा कुठल्या जागा बघायच्या?" बाबा सांगायचे, बोर्डीचा किनारा, अस्वालीचं धरण, बारडाच्या डोंगरावरची लेणी, महालक्ष्मीचा सुळका. आणि आतून, भांडी घासता घासता, आई म्हणायची, "उधव्याला रांजणं आहेत." बाबा पुढची जागा मोजायचे. थोड्या वेळाने काका म्हणायचा, "वहिनी, तुम्ही पण चला हो, पण गाडीत जागा नाही." गाडी सात जणांची. ते तिघं, बाबा आणि मी. मधल्या काळात उरलेल्या जागांवर काय काय बसून गेलं ते मी पाहिलं आहे. एका वर्षी बर्फाची पेटी. एका वर्षी काकूच्या बहिणीला द्यायच्या चिकूच्या करंड्या. एका वर्षी तर केतकीचं पोहायचं रबरी बदक. ते फुगवायला काकाला इतका दम लागला होता की हवा सोडायची कुणाची छाती झाली नाही. बदक खिडकीशी बसून बोर्डीला गेलं. आईने त्यालाही हात केला.

रांजणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आईचे वडील तलासरीकडे आश्रमशाळेत मास्तर होते आणि आईचं सगळं लहानपण उधव्याच्या बाजूला गेलं. तिथे नदीच्या पात्रात काळा कातळ आहे, आणि पावसाळ्यातल्या पाण्याने दगड घुमवून घुमवून त्यात खोल गोल खड्डे पाडले आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं, कडा लोण्यासारख्या गुळगुळीत. उन्हाळ्यात नदी आटते, पण रांजणांत पाणी राहतं आणि ते माठातल्यासारखं गार असतं. शाळेतल्या मुलींनी एकेकीला एकेक असे रांजण वाटून घेतले होते. आईचा रांजण मोहाच्या झाडाखाली होता. त्यात उतरून गळ्याएवढ्या पाण्यात बसलं की डोक्यावर फक्त पानं दिसतात आणि आपला आवाज आपल्याच पोटातून आल्यासारखा वाटतो, असं ती सांगायची. लग्न होऊन ती चिखल्याला आली ती घोलवड-दहाणूच्या पट्ट्यातच राहिली. उधवा काही काशी नाही, तास-दीड तासाचा रस्ता. पण आजोबांची बदली झाल्यावर तिथे तिचं कुणी राहिलं नव्हतं, आणि जिथे कुणी नाही तिथे आमच्याकडच्या बायका जात नाहीत. कशाला चाललीस, याला उत्तर लागतं. 'मला खड्ड्यात बसायचंय' हे उत्तर होत नाही.

त्या वर्षी बाबांची पाठ धरली. आदल्या संध्याकाळी काकाच्या बॅगा उतरवताना धरली, हे त्यांनी मरेपर्यंत मान्य केलं नसतं, पण धरली. सकाळी ते लाकडाच्या ओंडक्यासारखे पलंगावर पडून होते. गाडीतली एक जागा मोकळी झाली, आणि बर्फाच्या पेटीने ती पटकावायच्या आत मी ओटीवर उभा राहून जाहीर केलं की यंदा आई येते आहे. आवाज थोडा जास्तच लावला. काकू म्हणाली, "मग दादांचं जेवण?"

"झाकून ठेवलंय," आई आतून म्हणाली. तिचं लुगडं बदलूनही झालं होतं. जांभळ्या काठाचं, इस्त्रीचं. हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे म्हणून मी बघायला गेलो तर तिने हातावर चापट मारली. पण दिसलं ते दिसलंच. जुना सुती गाऊन आणि पंचा. माझी पन्नाशी उलटलेली आई पोहायचे कपडे घेऊन निघाली होती.

"भाऊजी, उधव्याला जायचं ना?" गाडीत बसताना तिने विचारलं.

"म्हणजे काय वहिनी. आज तुमचा दिवस," काका म्हणाला. काका शब्दाला कधीच कमी पडला नाही. कमी पडायचं ते शब्दापुढचं काम.

बोर्डीला ओहोटी होती. समुद्र इतका आत गेलेला की केतकी आणि काकू त्याच्याकडे चालत चालत बोटाएवढ्या झाल्या. आई सुरूच्या सावलीत बसली, कारण चपला आणि फोन कुणीतरी सांभाळायचे होते. ताडगोळे विकणारीशी ती गुजरातीत घासाघीस करत होती. काका लांबून ओरडला, "वहिनी, तुम्ही तर रोजच बघता समुद्र." तिथून अस्वालीच्या धरणावर. पाणी खाली गेलेलं, पण मागे बारडाचा डोंगर, आणि वारा असा की कागदी ताटं उडून चाललेली. आई ताटांवर दगड ठेवत, पुऱ्या वाढत, कुणाला तक्कू, कुणाला ताक, अशी फिरत होती. केतकीने सगळ्यांचा फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. डोंगर आला आहे, पाणी आलं आहे, काका-काकू आले आहेत, आणि एका बाजूने पळी धरलेला हात आला आहे.

तलासरीला हायवे ओलांडला आणि आई बोलायला लागली. आधी हळू, मग सरळ मान पुढे काढून. इथे बाजार भरायचा, इथे एसटी थांबायची, ह्या चढावर मुली उतरून चालायच्या. सागाची पानं झडलेली, टेकड्या तांबड्या उघड्या पडलेल्या, आणि ती मात्र जत्रेत शिरल्यासारखी बघत होती. काकू फोनमध्ये होती. उधवा आलं, फाटा आला. आई म्हणाली, "इथून डावीकडे, भाऊजी."

"आधी पुढे तलावावर जाऊन येऊ. तिकडे बोटिंग बंद होतं लवकर. येताना रांजणं."

पुढे म्हणजे हद्दीपलीकडे, दादरा नगर हवेलीत. तिथे तलाव आहे हे खरं. तिथे बाटली स्वस्त मिळते हेही खरं. बोट फिरली, फोटो झाले, काकाने डिकीत पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून काय ते नीट निजवलं, आणि आम्ही परत निघालो. गाडीत गारवा, केतकी खिडकीला डोकं लावून झोपलेली, काका गुणगुणत होता. फाटा जवळ आला तसा आईने पदर सावरला आणि पिशवी मांडीवर घेतली. गाडीचा वेग कमी होईना.

"भाऊजी, आला फाटा."

"वहिनी, ऊन बघा बाहेर. आणि रस्ता कसा असेल कोण जाणे, गाडी खालून घासते माझी."

"मला पायी चालतं. तुम्ही सावलीत थांबा."

"अहो, मी काल शोधलं," काकू फोन वर धरून म्हणाली, "नेटवर एक फोटो नाही त्या जागेचा. एक नाही. चांगली जागा असती तर कुणीतरी टाकला असता ना? आणि शेवटी खड्डेच ना बघायचे वहिनी? ठाण्यात या. आमच्या गल्लीत दाखवते, पाण्याने भरलेले."

काका असा हसला की गाडी थोडी हलली. विनोद बरा होता. ज्याचं त्याला द्यावं. मीही नाटकवाला माणूस, टाळीचं वाक्य मला कळतं. मी आईकडे बघितलं. ती पण हसत होती. आमच्याकडच्या बायका हसतात तसं, तोंड मिटून. फाटा मागे गेला.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"उलटी होतेय का वहिनी? अगं पिशवी दे त्यांना, सीट नवीन आहेत."

काकाने घाईघाईने गाडी कडेला घेतली. सीटसाठीच. आईने दार सरकवलं, उतरली, पिशवी काखेत मारली आणि मागे फाट्याकडे चालायला लागली. सगळ्यांना वाटलं झाडाआड जाते आहे. आम्ही सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मग काकूने मागच्या काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ह्या चालल्या कुठे?"

"ए नाटक्या," काका मला म्हणाला, "उतर, आईला समजाव."

मी उतरलो. तिच्यामागे धावलो, गाठलं, आणि समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं म्हणून पिशवी तेवढी मागितली. तिने दिली नाही. "तुला यायचंय तर ये," ती म्हणाली, "पण बडबड करू नकोस." मागे हॉर्न वाजला. परत वाजला. मग लांबलचक वाजला. आई वळली नाही, मी वळलो. काका खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी म्हणत होता. ते ऐकू आलं नाही, पण हाताचा अर्थ 'या' आणि 'जा' असा दोन्ही प्रकारे लावता येईल असा होता, आणि मग गाडी निघून गेली. नाटकात असं कुणी जाताना पडदा पडतो. इथे मागे धूळ उडाली आणि आम्ही चालत राहिलो.

पाड्याच्या तोंडाशी हातपंपावर एक बाई पाणी भरत होती. इस्त्रीचं लुगडं बघून ती हंडा सोडून उभी राहिली. "मोजणीवाल्या का तुम्ही?" तिने विचारलं. त्या दिवसांत नव्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या मोजणीला माणसं फिरत होती. कुणी बाहेरचं आलं की पाडे गप्प होत. आईने उत्तर दिलं. ते मला कळलं नाही. मराठी नव्हतं, गुजराती नव्हतं, तिथलं होतं. माझ्या आईला ही भाषा येते हे मला तिसाव्या वर्षी कळलं. आवाजही तिचा नव्हता. भरभर, नाकातून, वरच्या पट्टीत, एखाद्या भांडकुदळ मुलीचा. बाईने तोंडावर हात ठेवला आणि खो खो हसली. मग त्या दोघी किती वेळ बोलल्या. मधूनमधून 'बेस, बेस' एवढं मला समजत होतं. शेवटी बाईने हनुवटीने नदीची दिशा दाखवली आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "विचारते, हा बोलत नाही का." माझ्या जन्मात असा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

रांजणं होती. कातळ तापून तवा झाला होता आणि त्यात काळीभोर गोल तोंडं उघडी होती. काही कोरडी, काहींत हिरवं पाणी. मोहाचं झाड नव्हतं. तोडलेला बुंधासुद्धा नाही, तेव्हा तिचा रांजण कुठला ते ठरवता येईना. ती एकेकात वाकून बघत, हात घालत फिरली. शेवटी कडेच्या दरडीच्या सावलीतला एक तिने घेतला आणि मला पाठ फिरवायला सांगितलं. मी बराच वेळ एका उघड्या टेकडीकडे बघत बसलो. निसर्ग मला त्या दिवशी प्रथमच वेळ न घेता भेटला. काही बोलत नव्हता, कुणाचं काही ऐकतही नव्हता. मागून पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. घाबरून मी हाक मारली.

"आहे," रांजणातून आवाज आला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उगाच तीस वर्षं विचारत बसले."

परतीला काळीपिवळी जीप मिळाली तलासरीपर्यंत, पुढे एसटी, पुढे रिक्षा. आई ओल्या केसांनी दोन परक्या बायकांच्या मध्ये चेपून बसली होती आणि झोपली होती. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ओटी मोकळी. बॅगा नाहीत, बर्फाची पेटी नाही, चपला नाहीत. शरदकाका जेवायलाही न थांबता ठाण्याला गेला होता. बाबा पाठीला हात लावून दारात उभे होते. ते आईला एवढंच म्हणाले, "माझ्या भावाला भर रस्त्यात सोडून आलीस." आई म्हणाली, "गाडी त्यांच्याकडे होती." झालं. त्यानंतर बाबा आईशी बोलायचे थांबले.

थांबले म्हणजे शब्दशः. माझ्यामार्फत निरोप जायचे. "तिला म्हणावं, चहा." ती दोन हातांवर असायची. मला आधी गंमत वाटली, मी दोघांच्या नकला करून निरोप पोचवायचो, दूताची भूमिका आयुष्यात प्रथमच इतकी लांबली. मग गंमत गेली. दिवाळीला काका आला नाही. बाबा त्याला फोन करायचे, अंगणात जाऊन, पाठ घराकडे करून. 'तिचं मनावर घेऊ नकोस' हे मला कितीदा तरी ऐकू आलं. पुढचा मे आला. चिकू उतरले, बाबांनी त्यातले मोठे निवडून करंडी भरली आणि ओटीवर ठेवली. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आले की फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. चिकू पिकून काळे पडले, त्यावर चिलटं बसली, तरी त्यांनी करंडी उचलू दिली नाही. ते ज्या भावासाठी बायकोशी वर्षभर बोलले नव्हते, त्याला इकडची आठवण आहे एवढंच त्यांना बघायचं होतं.

आठवण होती. एका रविवारी दुपारी घरच्या ग्रुपवर फोटो आले. काकूने टाकले होते, एकामागून एक. काळा कातळ, गोल रांजण, रांजणात गॉगल लावून केतकी आणि तिच्या मैत्रिणी, काठावर काका शर्टाशिवाय. खाली लिहिलं होतं, 'कुणालाही माहीत नसलेली जागा, आम्ही शोधली.' हायवेवरून सकाळी आले होते, हायवेवरून संध्याकाळी जाणार होते. तलासरीहून चिखलं काय लांब आहे. आमच्याकडचा निसर्ग आता आमच्याशिवाय बघता येत होता.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर ढकलून फोटो डोळ्यांशी धरले. परत पहिल्यापासून बघितले. भावाच्या फोटोवर थांबले. मी काहीतरी विनोद करणार होतो. सुचलाही होता. पण त्यांचा चेहरा तिकीट खिडकीतल्यासारखा झाला होता. समोरच्याला कुठे जायचंय ते ऐकू आलंय, पण गाडी गेली आहे, असा. त्यांनी फोन उलटा करून ठेवला, आत गेले. आई जमिनीवर सतरंजी टाकून, हात डोळ्यांवर घेऊन पडली होती. मी मागोमाग जाऊन तिच्या सतरंजीच्या कडेला टेकलो. जेवणं व्हायची होती.

"ऐकलंस का," बाबा म्हणाले. वर्षात पहिल्यांदा, थेट. "वाढतेस का?"

आईने डोळ्यांवरचा हात काढला नाही.

"भात कुकरमध्ये आहे," ती म्हणाली. "घ्या वाढून."

बाबा स्वयंपाकघरात गेले. पहिलं फडताळ उघडलं, त्यात बरण्या होत्या. दुसरं उघडलं, त्यात पिठाचे डबे. ताटं कुठे असतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला तेही. मी उठायला लागलो तशी आईने दुसऱ्या हाताने माझा घोटा धरला आणि धरूनच ठेवला.